नऊ दिवसांचा झगा

बुधवारी सकाळी आठ वाजता ओदील केरमारेकने दिवाणखान्याचं दार उघडलं आणि तिला काचेचं कपाट रिकामं दिसलं.

आत नुसता लाकडी साचा उभा होता. त्याच्या अंगावरचा लग्नाचा झगा नाहीसा झाला होता. कपाटाचं कुलूप जागच्या जागी होतं आणि काचेवर ओरखडाही नव्हता.

ओदील ओरडली नाही. फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची कोळ्याची मुलगी, वय चौतीस, ओरडण्याची सवय नाही. तिने कुलूप ओढून पाहिलं, पडद्यामागे पाहिलं, कोचाखाली पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं, की या कुलपाला किल्ल्या दोनच आहेत आणि त्यातली एक आपल्याच गळ्यात आहे. तेव्हा मात्र ती मटकन खाली बसली.

इन्स्पेक्टर ऑगुस्त पेरदिगाल साडेनऊला पोचला तेव्हा ब्रेलाँ घराण्याच्या पाचही मजल्यांवर कुजबुज चालू होती. पॅरिसमधल्या श्रीमंत बायका ज्यांच्या नावाचे कपडे घालतात अशी जी चार-सहा घराणी, त्यातलं हे एक. पुढच्या आठवड्यात त्याला चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. आणि ज्या झग्यापासून हे घराणं सुरू झालं, तोच झगा गेला होता.

पेरदिगालला कपड्यांतलं काही कळत नव्हतं. त्याला मत्सरातलं कळत होतं. बायको शेजारच्या औषधवाल्याबरोबर चर्चमध्ये गायला जायची, एवढ्यावरून गेली तीन वर्षं हा माणूस आतल्या आत जळत होता, आणि हे तो स्वतःशी कबूलही करायचा. बाकीचे पोलीस पैशाचा माग काढत. हा आधी कोण कुणावर जळतंय ते पाही.

मादाम ओर्तांस ब्रेलाँ दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या दालनात ताठ बसल्या होत्या. वय सहासष्ट. काळा पोशाख, मोत्यांचा एकच सर. डाव्या हाताच्या दोन बोटांना औषधाची पट्टी.

"काय लागलं, मादाम?"

"गुलाबाचा काटा. माझी बोटं चोरीला गेली नाहीत, इन्स्पेक्टर. झग्याचं विचारा."

टेबलावर फुलदाणी होती. तिच्यात पांढरे ट्यूलिप होते. पेरदिगालने वही उघडली.

"झगा कुणाचा?"

"केरसाँ घराण्यातल्या मुलीचा. एकोणीसशे वीस साली मी शिवला. भाड्याची एक खोली, एक दिवा, नऊ दिवस आणि नऊ रात्री. दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही त्याला. अंगठीतून निघेल इतकं तलम रेशीम! तो झगा लग्नात पॅरिसने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी मोटारींची रांग लागली. हे सगळं पुस्तकात छापलंय." त्यांनी जाडजूड, गुळगुळीत पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. घराण्याचा इतिहास. शाईचा वास अजून ताजा होता.

"झगा इथे कधी आला?"

"सोमवारी. केरसाँ मंडळींनी समारंभापुरता दिला. शुक्रवारी संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. दुमड उसवून आतून कापड बघायचं म्हणे. आणि आता काय दाखवू त्यांना? लाकडाचा ओंडका?"

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक ओदीलकडे. माझी माझ्या उशीखाली होती. म्हणजे कुणी नेला ते उघड आहे. तिला घेऊन जा."

"ओदीलला झग्याचा काय उपयोग?"

"पलीकडच्या घराण्याला विकला असेल. ती वरच्या कारखान्यातली. सिदोनीची लाडकी. आपल्यामागे कारखान्याची मुख्य हीच, असं सिदोनीने परस्पर ठरवूनही टाकलंय." मादामचे ओठ वाकडे झाले. "सिदोनीचे हात चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण हात काय, सगळ्यांनाच दोन असतात. डोळा लागतो, डोळा!"

भिंतीवर एक जुना फोटो होता. दोन तरुण मुली आणि मधे पांढऱ्याशुभ्र केसांचा एक पुरुष.

"हे तुमचे वडील का?"

मादाम ताडकन उठल्या. "माझे यजमान! गास्पार. एकोणतीस वर्षांचे होते तेव्हा. युद्धाने पिकवले केस. एकवीस साली आमचं लग्न झालं. त्यांनी जन्मात दुसऱ्या बाईकडे डोळा वर करून पाहिलं नाही." मग जरा मऊ आवाजात, "जाऊन अकरा वर्षं झाली त्यांना."

"आणि ही दुसरी मुलगी?"

"सिदोनी. टाचण्या उचलायला होती. त्या समारंभाला माझी किती जुनी गिऱ्हाइकं येणार होती, इन्स्पेक्टर! व्होझेलची बॅरोनेस कैरोला नसती, तर तिला मी पहिल्या खुर्चीत बसवली असती. आता बरंच झालं म्हणायचं, ही शोभा बघायला ती इथे नाही."

खाली दरवान भेटला. त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, "साहेब, संध्याकाळी एकही बाई पिशवी उघडून दाखवल्याशिवाय बाहेर पडत नाही. नकला होतात ना, म्हणून मादामचाच नियम. काल सगळ्या पिशव्या मी स्वतः पाहिल्या. सात वाजता ओदील शेवटची गेली. तिच्या पिशवीत अर्धा पाव आणि एक कांदा."

"रात्री आत कोण असतं?"

"मादाम आणि त्यांची मोलकरीण. बाकी मी दाराशी."

म्हणजे झगा बाहेर गेलाच नव्हता. पेरदिगालने दोन शिपायांना घर धुंडाळायला लावलं आणि स्वतः चौथ्या मजल्यावर चढला.

कारखान्यात लांब टेबलांशी चाळीस बाया माना खाली घालून शिवत होत्या. मधे मादमोआझेल सिदोनी शाप्ताल उभ्या. एकसष्ट वर्षांच्या, बारीक, पाठीचा कणा ताठ, पिकलेल्या केसांत अजून तांबूस छटा. उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई रेटायचं धातूचं अंगुस्तान, जणू ते घेऊनच जन्माला आल्या होत्या.

"एकोणीसशे वीस साली तुम्ही इथे होतात?"

"होते."

"झगा कुणी शिवला?"

"पुस्तकात छापलंय ना? वाचा."

"तुमचं आणि मादामचं जमतं?"

"चाळीस वर्षं एका छपराखाली आहोत. न जमता कोण राहील?" असं म्हणताना त्यांनी दोरा दातांनी तोडला. "ओदीलने झगा नेला नाही, इन्स्पेक्टर. आज नऊ वाजता मी तो तपासणार होते, संग्रहालयाच्या बाई येण्याआधी. ओदीलनेच कपाट उघडून द्यायचं ठरलं होतं. चोर असा स्वतःच्या हाताने दिवा लावतो का? तिला आज पोलिसांनी नेलं, तर पॅरिसमधलं एकही घराणं तिला उभं करणार नाही. वीस वर्षांची मेहनत तिची. असे हात मी पुन्हा पाहिलेले नाहीत."

शेजारच्या टेबलावर एका नवरीचा झगा पसरला होता. रेमोंद नावाच्या मुलीने डोक्यातला एक लांब केस उपटला आणि दुमडीत सरकवला.

"हे काय चाललंय?" पेरदिगालने विचारलं.

बाया फिदीफिदी हसल्या. "एवढंही माहीत नाही, साहेब? लग्न न झालेल्या शिवणारणीने नवरीच्या दुमडीत आपला केस शिवला, की वर्षाच्या आत तिचं जमतं! डाव्या अंगाला शिवायचा, काळजाच्या खाली."

"रेमोंदचा हा सातवा केस," जिनेत म्हणाली. "टक्कल पडेल, पण नवरा मिळायचा नाही!"

"आणि खरंच जमतं का?"

सगळ्या माना खाली गेल्या.

"माझं जमलं नाही," सिदोनी म्हणाल्या. "पुढचं विचारा, इन्स्पेक्टर."

पुढचं विचारायच्या आत कोपऱ्यातून जिनेतचीच हाक आली. तिथे शिवणाची एक बाहुली उभी होती. या घराण्यात प्रत्येक मोठ्या गिऱ्हाइकाच्या नेमक्या मापाची बाहुली असते. आत साचा, वर कापसाच्या गाद्या, त्यावर मागून नाड्यांनी आवळलेली सुती खोळ. गिऱ्हाईक नसलं तरी कपडा बाहुलीवर बेततात. बाहुल्या राहतात दुसऱ्या मजल्यावरच्या कोठीत, मादामच्या दालनाला लागून, आणि काम निघालं की वर येतात.

"मादमोआझेल, बॅरोनेसची चोळी मागे मिटतच नाहीये!"

"माप चुकलीस."

"शप्पथ नाही! कार्डावर कंबर बासष्ट आहे. बाहुली सहासष्ट भरतेय."

"अगं बाई, बाहुलीला दिवस गेले!" रेमोंद म्हणाली, आणि सगळा कारखाना खिदळला.

"गप्प बसा गं! कापूस दमट झाला असेल. दुपारी खोळ सोडून बघू."

"कुठली ही बॅरोनेस?" पेरदिगालने सहज विचारलं.

"व्होझेलची. कैरोहून शनिवारीच आली, बहिणीच्या लग्नासाठी. थेट इथे वर येऊन हटून बसली, दहा दिवसांत झगा द्या म्हणून. आज सकाळीच बाहुली वर आणली."

शिपायांना घरात काही सापडलं नाही. मादामच्या खोल्याही त्यांनी पाहिल्या. मादाम स्वतःच म्हणाल्या, बघा, बघा, माझं काय जातंय. बारा वाजता त्यांनी पेरदिगालला बजावलं, "दुपारी चारपर्यंत तिला न्या. नाहीतर मी मंत्र्यांना फोन करते." ओदील खालच्या बाकावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर, रिकामे. कामावर आल्यापासून कामाच्या वेळी तिचे हात कधी रिकामे राहिले नव्हते.

पेरदिगाल जेवायला घरी गेला. बायको मातिल्द टोपी घालून निघायच्या बेतात होती.

"सूप चुलीवर आहे. मी तालमीला चाललेय."

"औषधवाला आहे का?"

"तो नसला तर खालचे सूर कोण लावणार, तू?" ती हसत निघून गेली.

चिडून कोट काढताना त्याच्या कोटाचं बटण तुटलं. तिच्यावाचून आपलं काही अडत नाही, हे दाखवायला सुई-दोरा घेऊन तो स्वतःच बसला. दुसऱ्याच टाक्याला सुई कापडातून आरपार गेली आणि खाली धरलेल्या डाव्या हाताच्या बोटात घुसली. चौथ्या टाक्याला शेजारच्या बोटात.

त्याने शिवी हासडली. मग तो बोटांकडे बघतच राहिला. डावा हात. पहिलं आणि दुसरं बोट. सूप तसंच ठेवून तो बाहेर पडला.

तीन वाजता त्याने दिवाणखान्यात तिघींना बोलावलं. मादाम ओर्तांस, मादमोआझेल सिदोनी आणि ओदील. चौथी होती बॅरोनेसची बाहुली.

"बाहुली कशाला?" मादामनी विचारलं. त्यांचा आवाज किंचित चिरकला.

"मला आवडली ती. एका रात्रीत चार सेंटिमीटर वाढली." पेरदिगाल खुर्चीत बसला. "मादाम, झगा या घराबाहेर गेला नाही. पिशव्या दाराशीच तपासल्या गेल्या. कुलूप फोडलं नाही, म्हणजे किल्लीने उघडलं. किल्ली ओदीलची किंवा तुमची. ओदील सात वाजता गेली आणि तिच्या पिशवीत कांदा होता. घरात राहिलात तुम्ही."

"मीच माझा झगा चोरीन? वेड लागलंय तुम्हाला?"

"मीही तेच म्हणत होतो. मग कारखान्यातली गंमत ऐकली. अंगठीतून निघणारं रेशीम बाहुलीच्या कमरेला गुंडाळून वरून खोळ आवळली, तर कुणाला कळेल? फक्त ज्याच्या हातात टेप असते त्याला. कारखान्यातल्या कुणी ही बाहुली निवडलीच नसती, कारण बॅरोनेसचं काम आलंय हे तिथे शनिवारपासून सगळ्यांना ठाऊक होतं. हिला कुणी हात लावणार नाही असं वाटणारी या घरात एकच व्यक्ती. आज सकाळपर्यंत बॅरोनेस कैरोला आहे असं समजणारी."

पेरदिगालने बाहुलीकडे बोट केलं.

"ओदील, सोडा त्या नाड्या."

ओदीलने नाड्या सोडल्या. गाद्यांच्या मधून मोतिया रंगाचं रेशीम निघत गेलं. सिदोनींनी ते दोन्ही हातांवर झेललं. झग्याला जराही धक्का लागला नव्हता. फक्त खाली, डाव्या अंगाला, वीतभर दुमड उसवलेली होती. तिथे पाच जाडे, वेडेवाकडे टाके होते आणि शेजारी रक्ताचा तांबूस ठिपका.

"कुणी घातले हे टाके?" सिदोनी किंचाळल्या. "कसायाने?"

"मादामनी. बोटांवरच्या पट्ट्या त्याच्याच," पेरदिगाल म्हणाला. "जिला शिवता येतं तिला अशी सुई टोचत नाही. मी आज जेवायच्या वेळी करून पाहिलं." त्याने आपलं सुजलेलं बोट दाखवलं. "मादाम, नऊ दिवस आणि नऊ रात्री हा झगा तुम्ही शिवलाच नव्हता. तुम्हाला साधी दुमड तुरपता येत नाही. तुम्ही तो कल्पिला असेल, बेतला असेल, विकला असेल. शिवला सिदोनींनी. आणि तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या, लग्न व्हायचं होतं, डोक्यावर तांबडे केस होते. संग्रहालयाच्या बाई दुमड उसवणार म्हटल्यावर तुम्हाला धडकी भरली. आतून तांबडा केस निघाला तर अख्खं पुस्तक खोटं. म्हणून मंगळवारी रात्री तुम्ही तो काढून टाकायला गेलात."

"मग काढून दुमड तशीच ठेवायची," ओदील पुटपुटली. "पूर्ण झगा कशाला लपवायचा?"

"कारण सकाळी नऊला सिदोनी तो तपासणार होत्या. उसवलेली दुमड बंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि ती बंद करता येत नव्हती. शिवून द्यायला कुणाला सांगावं तर बिंग फुटणार. जाळायला हात धजेना. शेवटी झगाच नाहीसा केला आणि आळ घातला ओदीलवर. सिदोनींनी तिला निवडलं होतं, तेवढाच तिचा गुन्हा."

त्याने खिशातून भिंग काढलं, दुमडीत बोट घातलं. आतून केस निघाला. लांब, तांबडा. पण एकटा नव्हता. त्याच्याशी गाठ मारलेला दुसरा केस होता, आखूड आणि पांढराशुभ्र.

"एक गोष्ट मला सुटत नव्हती," तो सावकाश म्हणाला. "केस काढायला गेलेल्या बाईने तो काढला का नाही? आता कळलं. वीस साली या घरात पांढऱ्या केसांचं माणूस एकच होतं."

ओर्तांस ब्रेलाँ हळूहळू खुर्चीवर बसल्या. एवढी ताठ बाई, पण खांदे एकदम उतरले.

"हात लावला होता मी त्याला," त्या म्हणाल्या. "भाजल्यासारखं झालं. शिवणाचं मी सोसलं असतं. सिदोनी, तुझ्या हातांवर मी चाळीस वर्षं जळले, रोज जळले. तू एक टाका घातलास की माझं कापड माझं राहायचं नाही. पण गास्पार माझा होता. तेवढा एक माझा होता." त्यांनी मान वर केली. "त्याने दिला? का तू घेतलास?"

सिदोनींच्या हातांवर झगा तसाच होता.

"सांग ना गं!"

"आधी कारखाना जमा करा जिन्यात," सिदोनी शांतपणे म्हणाल्या. "ओदील निर्दोष आहे म्हणून सांगा. माझ्यामागे कारखाना तिचा, तेही सांगा. आणि हा झगा कुणी शिवला ते सांगा. मग मी सांगेन."

पेरदिगालला वाटलं, मादाम नकार देतील. चाळीस वर्षांचं नाव, छापून आलेलं पुस्तक, पुढच्या आठवड्यातला समारंभ. पण मत्सराने पोखरलेलं माणूस काय किंमत मोजेल हे त्याच्यासारख्यालाही सांगता आलं नसतं. ओर्तांस ब्रेलाँ उठल्या, बाहेर जाऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आणि चाळीस बायांसमोर तिन्ही गोष्टी बोलल्या. आवाज कापला, पण एकही शब्द गाळला नाही. रेमोंद रडायला लागली. जिनेतने ओदीलला मिठी मारली, आणि ओदील, जी सकाळपासून रडली नव्हती, ती हुंदके देऊन रडली.

मादाम परत आत आल्या. दार लावलं.

"आता बोल."

"त्यांच्या कोटाच्या कॉलरवर पडला होता," सिदोनी म्हणाल्या. "कोट झाडताना मी उचलला. त्यांना पत्ताही नव्हता."

मादामनी डोळे मिटले. छातीतून मोठा उसासा निघाला. "मूर्ख पोरगी," त्या म्हणाल्या, आणि त्यात जवळजवळ माया होती.

पेरदिगालने वहीत लिहिलं, वस्तू घरातच सापडली, तक्रार मागे. मग तो सिदोनींबरोबर जिना चढला, चौथ्या मजल्याच्या दारापर्यंत.

"मादमोआझेल, भिंगातून मी तो केस नीट पाहिला. गळून पडलेल्या केसाला एका टोकाला मूळ असतं. याला नव्हतं. दोन्ही टोकं कात्रीने कापलेली."

सिदोनी थांबल्या. "हो. त्याने स्वतः कापून दिला. माझ्याच कात्रीने, दुपारच्या सुट्टीत. सहा महिन्यांनी त्याने तिच्याशी लग्न केलं."

"मग तिला खोटं का सांगितलंत? दया आली?"

"दया?" त्या इतक्या जोरात हसल्या की आतल्या बायांनी माना वळवल्या. "तिची? अहो, अठ्ठावीस वर्षं मी ती दोघं जेवायला जाताना खिडकीतून पाहिली. ती जेवढी माझ्या हातांवर जळली, त्याच्या दुप्पट मी तिच्या नवऱ्यावरून जळले. नाव मी आज परत घेतलं. पण ती एक दुपार, इन्स्पेक्टर, ती सगळीच्या सगळी माझी आहे. तिला कळली तर ती रोज उठून तेच आठवून रडत बसेल, आणि मग ती दुपार अर्धी तिची होईल. मी नाही देणार."